पार्वो झाला म्हणून पिल्लू सोडून देऊ नका

कुत्र्याच्या पिल्लाला पार्वो हा विषाणूचा आजार झाल्याचं कळलं की घरातलं प्रत्येक माणूस डॉक्टरांना एकच विचारतं, "वाचेल ना?" डॉक्टरांनी तोंड उघडण्याआधीच त्याचं उत्तर बाहेरून मिळालेलं असतं. शेजारचे काका सांगतात, आमचंही असंच गेलं. ज्याच्याकडून पिल्लू आणलं तो फोनवर म्हणतो, उगाच पैसे घालवू नका, दुसरं देतो. मग पिल्लाला गॅलरीत गोणपाटावर ठेवलं जातं, अधूनमधून तोंडात चमचाभर पाणी सोडलं जातं आणि घरचे वाट पाहत बसतात. असं ठेवलेलं पिल्लू खरंच जातं, आणि पार्वो म्हणजे मरण ही समजूत गल्लीत आणखी पक्की होते.

म्हणून आधी खरे आकडे सांगतो. काहीच उपचार झाले नाहीत तर पार्वो झालेल्या दहा पिल्लांपैकी नऊच्या आसपास दगावतात. वेळेत आणि नीट उपचार झाले तर दहातली आठ-नऊ वाचतात. एकाच आजारात, एकाच वयाच्या पिल्लांमध्ये एवढा फरक केवळ उपचारांनी पडतो. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात 'ऑस्टिन पेट्स अलाइव्ह' नावाची संस्था बेवारस कुत्र्यांसाठी पार्वोचा वेगळा वॉर्ड चालवते. २००८ ते २०१९ या काळात तिथे ५ हजारांहून अधिक कुत्र्यांवर उपचार झाले आणि त्यातली ८६ टक्क्यांहून अधिक जगली. ती काही चांगलंचुंगलं खाऊन वाढलेली, घरची लाडकी पिल्लं नव्हती. बेवारस, जंतांनी पोट भरलेली, कुठून कुठून आणलेली पिल्लं होती. त्यांच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसते: जी गेली त्यातली बहुतेक पहिल्या पाच दिवसांत गेली, आणि ज्यांनी ते पाच दिवस काढले ती जवळजवळ सगळी वाचली. या लेखातलं बाकी सगळं त्या पाच दिवसांसाठी आहे.

हा विषाणू पिल्लाच्या अंगात करतो काय, ते समजलं की उपचार का करायचे आणि घाई का करायची तेही समजतं. ज्या पेशी सतत नव्याने तयार होत असतात त्यांच्यावर तो हल्ला करतो. अशा पेशी दोन ठिकाणी जास्त असतात, आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात. आतड्याचं अस्तर झडतं, म्हणून पिल्लू खाल्लेलं पचवू शकत नाही, पाणी धरून ठेवू शकत नाही, आणि संडासवाटे रक्त जायला लागतं. मगजावर हल्ला झाल्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणजे जंतूंशी लढणारं सैन्यच कमी होतं. नेमक्या त्याच वेळी अस्तर गेलेल्या आतड्यातून तिथले जंतू रक्तात शिरतात. पिल्लू मरतं ते बहुधा अंगातलं पाणी संपल्याने किंवा जंतू रक्तात पसरल्याने. या दोन्ही गोष्टींवर साध्या दवाखान्यातही इलाज आहे. विषाणूचा बंदोबस्त शरीर स्वतः करतं, साधारण आठवडाभरात. तोवर त्या शरीराला जिवंत ठेवायचं, एवढंच आपलं काम.

आता लक्षणं. पहिल्या दिवशी रक्त दिसेलच असं नाही, आणि इथेच बहुतेकांचा मोलाचा वेळ जातो. काल उड्या मारणारं पिल्लू आज कोपऱ्यात जाऊन बसतं, हाक मारली तर नुसती मान वर करतं, आवडीचं खाणं हुंगून सोडून देतं. अंग तापलेलं असतं. मग उलटी होते, आधी अन्नाची, नंतर पिवळ्या किंवा पांढऱ्या फेसाची. जुलाब त्याच्या मागोमाग किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतात. पातळ, तपकिरी-लालसर, आणि वास असा की ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. अंगात विषाणू शिरल्यापासून ही लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी चौदाही. म्हणजे आज आजारी पडलेलं पिल्लू ते दुखणं तुमच्या घरी येण्याआधीच घेऊन आलेलं असू शकतं.

सहा आठवडे ते सहा महिने या वयाचं, लसींचे सगळे डोस पूर्ण न झालेलं पिल्लू मलूल झालं, खाईना आणि एकदा जरी उलटी केली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. संध्याकाळपर्यंत बघू, उद्या रविवार आहे, सोमवारी नेऊ, असं म्हणू नका. दोन-तीन किलोच्या जिवात पाणी असतं किती? एका रात्रीच्या उलट्या-जुलाबांनी ते पिल्लू आडवं होतं.

उलटीत कधीकधी जंत पडतात. मग घरचे म्हणतात, हं, जंत आहेत, जंताचं औषध दिलं की झालं. हा घोटाळा फार ठिकाणी होतो. पिल्लाच्या पोटात जंत असतातच, आणि पार्वोने पोट ढवळून निघालं की ते बाहेर पडतात. जंत दिसले म्हणून पार्वो नाही असं होत नाही. उलट दोन्ही एकत्र असले की पिल्लू लवकर ढासळतं.

घरी काय करायचं नाही तेही स्पष्ट सांगतो, कारण ते सगळं प्रेमापोटीच केलं जातं. उलट्या करणाऱ्या पिल्लाला धरून, जबडा उघडून पाणी, ओआरएस, शहाळ्याचं पाणी, ताक, डाळिंबाच्या सालीचा काढा, हळदीचं दूध काहीही पाजू नका. पोटात गेलेलं उलटून येतं आणि येताना चार थेंब जास्तच घेऊन येतं. अशक्त पिल्लाच्या घशातून ते फुफ्फुसात उतरलं तर पार्वोच्या जोडीला न्यूमोनिया होतो. पपईच्या पानांचा रस डेंग्यूच्या नावाने आपल्याकडे गाजला, तो आता पिल्लांनाही पाजतात. त्याने पार्वो बरा होत नाही. माणसांची जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका. आतड्यातली घाण आणि जंतू त्यामुळे आतच कोंडतात. तापासाठी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर मुळीच नको, दोन्ही कुत्र्याला विषासारखी बाधू शकतात.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत मात्र दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. पिल्लाला ऊबदार कापडात गुंडाळा. लहान जीव फार लवकर गार पडतो. आणि ते अगदीच लुळं पडलं असेल, डोळे फिरवत असेल किंवा थरथरत असेल, तर साखरेचं दाट पाणी किंवा मध बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा. ओतू नका, चोळा. अशा पिल्लांच्या रक्तातली साखर खाली गेलेली असते आणि तेवढ्यानेही वाटेत जीव तगू शकतो.

निघण्याआधी दवाखान्यात फोन करून सांगा, "पार्वोचा संशय आहे." तिथे गेल्यावर पिल्लू जमिनीवर सोडू नका, नंबर येईपर्यंत गाडीत किंवा बाहेर मांडीवर ठेवा. कारण आत बाकावर कोणी पहिल्या लसीसाठी पिल्लू घेऊन बसलेलं असतं.

डॉक्टर बहुधा गुदद्वारातून कापसाच्या काडीने नमुना घेऊन झटपट तपासणी करतील. थोड्याच वेळात पट्टीवर रेघ उमटते. रेघ दोन्ही बाजूंनी फसवू शकते. आजार अगदी सुरुवातीला असेल तर ती येत नाही. आणि चार-दहा दिवसांपूर्वी पार्वोची लस दिली असेल तर त्या लसीमुळे फिकट रेघ येऊ शकते. म्हणून लस कधी दिली ते डॉक्टरांना तारखेसह सांगा. जमत असेल तर रक्ताची तपासणी जरूर करा. पांढऱ्या पेशी किती घटल्या आहेत त्यावरून आजार किती खोल गेला आहे ते कळतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो आकडा वर चढू लागला तर ती फार चांगली बातमी असते. तपासणीचे पैसे नसतील तर तसं सांगा आणि लक्षणांवरून उपचार सुरू करायला सांगा. चाचणीसाठी सलाईन अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

सलाईन हा या उपचाराचा कणा आहे. लोकांना ते किरकोळ वाटतं. "नुसतं सलाईनच लावलं, औषध काहीच दिलं नाही," अशी तक्रार कानावर येते. पण अंगातलं गेलेलं पाणी, त्याबरोबर गेलेलं पोटॅशियम, खाली गेलेली साखर हे सगळं शिरेतून परत भरून काढणं हेच इथे सगळ्यात मोठं औषध आहे. रिंगर लॅक्टेट, गरजेप्रमाणे त्यात डेक्स्ट्रोज आणि पोटॅशियम. किती आणि कोणत्या वेगाने द्यायचं हा हिशेब पिल्लाच्या वजनावर, किती पाणी कमी झालं आहे त्यावर आणि रोज किती उलट्या-जुलाब होताहेत त्यावर चालतो, आणि तो दिवसातून दोनदा-तीनदा बदलावा लागतो. सकाळी एक बाटली चढवून पिल्लू घरी पाठवलं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा आणलं, तर मधल्या रात्री ते सगळं पुन्हा बाहेर गेलेलं असतं. म्हणून शक्य असेल तिथे भरती करा.

दुसरं औषध उलटी थांबवण्याचं. मॅरोपिटंट, ऑन्डान्सेट्रॉन ही नावं तुमच्या कागदावर दिसतील. उलटी थांबली की पाणी अंगात राहतं आणि पिल्लाला जरा बरं वाटू लागतं. तिसरं अँटिबायोटिक. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही हे बरोबर आहे. ते इथे आतड्यातून रक्तात शिरणाऱ्या जंतूंसाठी असतं. त्याशिवाय पोटदुखीवर औषध लागतं, आणि ते मागायला संकोचू नका, कारण या आजारात पोट खरोखर दुखतं.

खाण्याबद्दलचा विचार गेल्या काही वर्षांत बदलला आहे आणि तो सगळीकडे पोहोचलेला नाही. पूर्वी उलट्या थांबून दिवस उलटेपर्यंत पिल्लाला पूर्ण उपाशी ठेवत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही पिल्लांना भरती झाल्यावर १२ तासांतच नाकातून बारीक नळी घालून थोडं थोडं पातळ अन्न दिलं गेलं. ती उपाशी ठेवलेल्या पिल्लांपेक्षा लवकर सावरली आणि त्यांचं वजनही वाढलं. आतड्याचं अस्तर पुन्हा उभं राहायला त्याला आतूनच अन्न लागतं. तेव्हा उलट्या आटोक्यात आल्या की थोडंसं अन्न सुरू करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. इथे 'थोडंसं' म्हणजे चमच्याने मोजण्याइतकं. आणि ते डॉक्टरांनी सांगितल्यावर, घरच्या अंदाजाने नाही.

अमेरिकेत २०२३ साली पार्वोच्या विषाणूला थेट निकामी करणारं, एकाच डोसचं अँटिबॉडीचं इंजेक्शन सशर्त मान्य झालं. ही मोठी गोष्ट आहे. पण ते नसतानाही दहातली आठ-नऊ पिल्लं वाचवता येत होती, हे लक्षात असू द्या. नवं औषध हाताशी नाही म्हणून कोणी हात टेकू नयेत.

आता पैशांबद्दल मोकळेपणाने बोलू. पाच-सहा दिवस भरती ठेवण्याचा खर्च शहरातल्या खाजगी दवाखान्यात अनेक घरांना झेपत नाही, आणि हे सांगायला लाज वाटते म्हणून लोक पिल्लू उचलून घरी घेऊन जातात. तसं करू नका. डॉक्टरांना सरळ सांगा, "आमच्याकडे इतके पैसे आहेत, एवढ्यात जास्तीत जास्त काय करता येईल?" या प्रश्नाला उत्तर आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी नेमका हाच प्रश्न घेऊन ४० पिल्लांवर अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या पिल्लांना नेहमीप्रमाणे भरती करून शिरेतून सतत सलाईन दिलं. उरलेल्यांना सुरुवातीला शिरेतून पाणी भरून सावरलं आणि नंतर घरी करता येतील असेच उपचार दिले: दिवसातून काही वेळा कातडीखाली सलाईन, उलटीचं रोज एक इंजेक्शन, बराच काळ काम करणाऱ्या अँटिबायोटिकचा एक डोस आणि वेळच्या वेळी अन्न. भरती केलेल्यांपैकी ९० टक्के वाचली, दुसऱ्या गटातली ८० टक्के. मात्र त्या दुसऱ्या गटाकडेही शिकलेली माणसं दिवसरात्र लक्ष ठेवून होती, नियमितपणे ताप आणि साखर बघत होती. तेव्हा हा मार्ग सोपा नाही. रात्री दोनला उठून पिल्लाकडे बघणारं माणूस घरात असेल आणि डॉक्टर फोनवर मिळत असतील, तरच तो घ्यावा. कातडीखाली सलाईन कसं द्यायचं ते डॉक्टरांकडून हाताने करून शिकून घ्या, त्यांनी दिलेलीच बाटली वापरा. साखर असलेलं सलाईन कातडीखाली द्यायचं नसतं.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, ज्याला जुनी माणसं बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कमी खर्चात काय होऊ शकेल याची अशा ठिकाणी चौकशी करा. आणि तालुक्याच्या किंवा खेड्यातल्या वाचकांना माझं विशेष सांगणं आहे. तुमच्याकडे कुत्र्यामांजरांचा वेगळा दवाखाना नसेल, पण गायीम्हशींचे डॉक्टर असतात. "ते गुरांचे डॉक्टर आहेत, कुत्र्याचं काय बघणार," असं समजून लोक त्यांच्याकडे जातच नाहीत, आणि मग शहर गाठेपर्यंत पिल्लू संपलेलं असतं. पार्वोला जे लागतं ते, म्हणजे रिंगर लॅक्टेट, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि शीर सापडणारा हात, यातलं बहुतेक सगळं त्यांच्याकडे असतं. आधी तिथे पाणी भरून घ्या, पिल्लाला तेवढं सावरू द्या, शहराकडे जायचं असेल तर त्यानंतर जा.

उपचार सुरू झाल्यावर दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात अवघड. सलाईन सुरू असूनही पिल्लू आणखी खालावल्यासारखं दिसतं, रक्ताचे जुलाब वाढतात, आणि घरचे खचतात. बरीच पिल्लं याच टप्प्यावर डिस्चार्ज घेऊन घरी आणली जातात, तेही ज्या दिवशी सलाईनची गरज सगळ्यात जास्त असते त्या दिवशी. आजार त्याच्या गतीने शिखरावर जातो आणि मगच उतरतो. पहिल्या दिवशी डॉक्टरांना विचारून घ्या की किती दिवस धरायचे, आणि तितके दिवस धरा.

सुधारणा कशी ओळखायची? उलट्यांमधलं अंतर वाढतं. कुत्र्याचा ताप साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइटमध्ये असायला हवा, तो तिथे येऊन टिकतो. हिरड्या पुन्हा गुलाबी दिसू लागतात, बोटाने दाबून सोडल्या तर दोन सेकंदांत रंग परत येतो. मग एके सकाळी पिल्लू वाटीकडे बघतं, किंवा तुमचा आवाज ऐकून शेपूट हलवतं. जुलाब सगळ्यात शेवटी थांबतात, त्याची घाई नको. उलट, अंग थंड पडत जाणं, हिरड्या पांढऱ्या किंवा विटकरी होणं, फिट येणं ही धोक्याची चिन्हं आहेत. बरं होत आलेल्या पिल्लाला अचानक पुन्हा उलट्या सुरू झाल्या आणि पोटात लांबट गाठ हाताला लागली, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. तेव्हा ऑपरेशनचा विचार तातडीने करावा लागतो.

काही पिल्लं सगळं करूनही जातात. चार-पाच दिवसांनंतर जंतू रक्तात पसरले आहेत, औषधाला प्रतिसाद नाही आणि जीव नुसता तळमळतो आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, तर त्याला वेदनेतून सोडवायचा निर्णय घेणाऱ्या घराला कोणी बोल लावू नये. पण तो निर्णय पिल्लाची अवस्था बघून व्हावा, पहिल्या दिवशीच्या भीतीने नाही.

पिल्लू घरी आलं की आठवडा-दहा दिवस उकडलेलं कोंबडीचं मांस आणि मऊ भात, दिवसातून चार-पाच वेळा, थोडा थोडा. तिखट-मीठ, तेल आणि दूध नको. काही पिल्लांचं पोट पुढेही नाजूक राहतं. पार्वोपासून त्याला आता बहुधा आयुष्यभराचं संरक्षण मिळालेलं असतं, पण डिस्टेंपर आणि रेबीजच्या लसी राहिल्या असतील तर त्या घ्याव्याच लागतात. बरं झाल्यावरही निदान दोन आठवडे त्याला इतर कुत्र्यांपासून लांब ठेवा, कारण त्याच्या संडासातून विषाणू बाहेर पडतच असतो. माणसाला हा आजार होत नाही. मुलांना पिल्लापासून तोडायचं काही कारण नाही, फक्त हात धुवायला लावा. माणसांना जो पार्वोव्हायरस होतो तो वेगळा. पण घरात लस न दिलेलं मांजर असेल तर त्याला धोका असू शकतो, त्याला वेगळं ठेवा.

विषाणू घरात काही महिने तग धरतो, सावलीतल्या ओलसर मातीत तर वर्षभरही. फिनाईलने लादी पुसली, वास छान आला, म्हणजे तो गेला असं मानू नका. फिनाईलवर किंवा डेटॉलवर इथे भिस्त ठेवता येत नाही. त्याला मारतं ते ब्लीच. आधी संडास, उलटी, केस सगळं साबणाच्या पाण्याने स्वच्छ करा, कारण घाणीवर ब्लीच ओतलं तर ते फुकट जातं. मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या प्रमाणात लादी, भांडी, पिंजरा, दाराचा उंबरा आणि चपलांचे तळ ओले करून दहा मिनिटं तसेच राहू द्या. खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. गोणपाट, जुनी गादी, कापडी खेळणी टाकून द्या. अंगणातली माती ब्लीचने शुद्ध होत नाही. तिथे ऊन लागू द्या आणि लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू त्या घरात वर्षभर आणू नका. ज्याच्याकडून पिल्लू घेतलं तो "दुसरं देतो" म्हणाला तरी घेऊ नका. मोठं, सगळ्या लसी झालेलं कुत्रं आणायला हरकत नाही.

लसीबद्दल एक तक्रार फार ऐकू येते: "लस दिली होती, तरी झाला." बहुतेक वेळा विचारलं की कळतं, लस एकदाच दिलेली असते. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून जे संरक्षण मिळतं ते त्याला काही आठवडे जपतं आणि त्याच काळात दिलेल्या लसीला कामही करू देत नाही. ते संरक्षण कोणत्या पिल्लात सहाव्या आठवड्यात ओसरेल आणि कोणत्या पिल्लात सोळाव्या, हे बाहेरून दिसत नाही. मधे काही दिवस असे जातात की आईचं संरक्षण आजाराला रोखण्याइतकं उरलेलं नसतं, पण लसीला अडवण्याइतकं असतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायचा, असं जगभरच्या पशुवैद्यांच्या संघटना सांगतात. त्यानंतर सहा महिन्यांच्या पुढे किंवा वर्षाचं होताना आणखी एक. सोळा आठवड्यांनंतरचा डोस सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. "सेव्हन-इन-वन दिलं, नाइन-इन-वन दिलं" एवढं पुरत नाही. शेवटचं कधी दिलं ते पाहा. शेवटचा डोस होईपर्यंत पिल्लाला बागेतल्या मातीत, कुत्र्यांच्या फिरण्याच्या जागी खाली सोडू नका. उचलून घेऊन माणसं, वाहनं, आवाज जरूर दाखवा.

पिल्लू विकत घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. महिन्याभराचं पिल्लू पिशवीतून घरी आणून देणाऱ्याकडून ते घेऊ नका. त्याच्या हातातलं लसीचं पुस्तक पाहा. त्यावर लसीच्या बाटलीचं लेबल चिकटवलेलं आणि डॉक्टरांची सही आहे का? नुसती पेनाने लिहिलेली तारीख कोणीही लिहू शकतं.

आणि ज्या भगिनी-बंधू रोज संध्याकाळी सोसायटीच्या बाहेर, चाळीच्या मागे, एसटी स्टँडवर कुत्र्यांना खायला घालतात त्यांना एक विनंती. रस्त्यावरची एकेक वेत पार्वोने पंधरवड्यात संपते, ते तुम्ही इतरांपेक्षा जास्त पाहिलेलं आहे. एका वेतातलं एक पिल्लू मलूल दिसलं की उरलेल्यांमध्ये तो शिरलेला असतोच. त्या एकाला वेगळं करा, त्याला हाताळणारं माणूस वेगळं ठेवा, त्या कपड्यांनी आणि चपलांनी दुसऱ्या गल्लीतल्या पिल्लांकडे जाऊ नका, आणि उरलेल्यांना लगेच डॉक्टरांना दाखवा. पुढच्या वेळी पिल्लं सहा आठवड्यांची झाली की खाऊच्या पैशांतले थोडे लसीसाठी काढा. आईला नसबंदीसाठी नेलं जाईल तेव्हा तिचीही लस करून घ्या.

तुमच्या घरी आत्ता सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर त्याचं लसीचं पुस्तक काढून शेवटची तारीख बघा. आणि रविवारी, रात्री, सणाच्या दिवशी सलाईन लावणारा सगळ्यात जवळचा दवाखाना कोणता, ते फोन करून विचारा. त्याचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा.